माझ्या मुलाचे केस आणि माझं सुतक

माणूस मेल्यावर लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, असं ऐकून होतो. मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आतल्या कॉटवर पडून.

दोष मुलाच्या केसांचा. मुलगा पुण्यात कपड्यांचं डिझाइन करतो. डिझाइन म्हणजे नवंकोरं जॅकेट घ्यायचं, ब्लेडनं फाडायचं आणि फाटलेली जागा सेफ्टी पिनांनी जोडायची. याला पंक म्हणतात. इंग्लंडातल्या कफल्लक पोरांनी कधीकाळी चिडून असे कपडे घातले, बघणाऱ्यानं दचकावं म्हणून. आता तेच मॉलमध्ये आठ हजारांना मिळतं आणि दचकतो तो फक्त बाप, तोही किंमत बघून. त्याच्या आईच्या बांगडीत कायम पाच-सहा पिना अडकवलेल्या असायच्या. तिला त्याबद्दल कुणी पगार दिला नाही.

मी जन्मभर सरकारी नोकरीत इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. एक बटण तुटलं तरी घराबाहेर पडायचो नाही. त्यामुळे दीड वर्षापूर्वी तो असलंच एक जॅकेट घालून घरी आला, तेव्हा मी म्हणालो, "अंगावर धड कपडा असावा म्हणून आम्ही आयुष्य घालवलं, आणि तू धड कपडे फाडून पोट भरतोस. या अवतारात परत घरात येऊ नकोस." तो आला नाही. मीही फोन केला नाही. त्याची आई असती तर तिनं आठ दिवसांत मिटवलं असतं, पण ती चार वर्षांपूर्वीच गेली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमच्या घरात तर सुंभच दोन.

मध्ये बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी बारा दिवस वणीला जाऊन राहिलो. शेजाऱ्यांना सांगितलं नाही. सांगितलं की सगळे देवीच्या गडावरचा प्रसाद आणायला सांगतात. परत आलो तो भर दुपारी, कॉलनी झोपलेली असताना. आणि त्याच संध्याकाळी दारात मुलगा. बहिणीनं माझ्यामागे त्याला फोन करून बोलावलं होतं.

डोक्याच्या दोन्ही बाजू तासलेल्या, वर काळी टोपी. टोपी काढली तर मधोमध कोंबड्यासारखा तुरा.

"मग टोपी कशाला?" मी विचारलं.

"तुम्हाला राग येऊ नये म्हणून."

राग आलाच. "जेवलास का," एवढं विचारून मी आत जाऊन पडलो. तो टोपी परत घालून बाहेरच्या खोलीत बसला. मध्ये एक पडदा.

नाशिकमध्ये टोपीखालून तासलेलं डोकं दिसलं, तर ती फॅशन असेल असं कुणाच्या मनात येत नाही. रामकुंडावर दहावं करून परतणारी अशी डोकी आम्ही रोज बघतो. शेजाऱ्यांनी हिशेब जुळवला. बारा दिवस घराला कुलूप, आणि आता दीड वर्षानं आलेला मुलगा, तोही मुंडण करून. अर्ध्या तासात शेजारचे काका पिठलं-भाताचं पातेलं घेऊन हजर. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते, शेजारी जेवण देतात, ही आमच्याकडची रीत.

ते मूळचे हरसूलकडचे. मन भरून आलं की गावची बोली तोंडात येते.

"आम्हाला कळवायचं तरी, पोरा. खांदा द्यायला आलो नसतो का?"

"काका, अहो, बाबा..."

"बोलू नको. रडू आलं तर रड."

मी तिथेच खोकायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, पुढे काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.

"तिरसट होते, नाय म्हणत नाय," काका म्हणाले. मी आत उठून बसलो. "पण तुझ्यावर लय जीव. रोज सकाळी कट्ट्यावर मोबाईल काढायचे. बघा पोराची थेरं, म्हणून तुझे ते फाटक्या कपड्यांचे फोटो दाखवायचे. आमचं बघून झालं का सोताच मोठे करून बघत बसायचे."

काकांनी आवाज खाली आणला.

"कॉलेज रोडला त्या दुकानात काचेमागं तुझं जॅकेट लावलंय ना? मला रिक्षानं घेऊन गेले. आत जाऊन तिथल्या पोरीला म्हणाले, ह्या पिना माझ्या मुलानं लावल्यात. पुसून ठेवत जा, गंज लागंल."

आता मात्र ऐकवेना. कुणी अंगावरचे कपडे काढून घ्यावेत तसं वाटलं. मी पडदा सारून बाहेर आलो. काका भिंतीला जाऊन टेकले. पातेलं मुलानं वरच्या वर धरलं म्हणून वाचलं. मी जिवंत असल्याचं दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही, दुसऱ्यांदा ते चिडले.

मुलगा माझ्याकडे बघत होता. "किती वेळा गेलात त्या दुकानात?"

"एकदा. सहज. रस्त्यात लागलं."

"माझ्यासंगं दोनदा," काका भिंतीपाशीच म्हणाले.

कॉलेज रोड माझ्या कुठल्याच रस्त्यात लागत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

"दर मंगळवारी जायचो," मी म्हणालो. "एकदा विकलं गेलं, तर काचेत दुसरं लावेपर्यंत चैन पडलं नाही."

तो पातेलं खाली ठेवून तिथेच फरशीवर बसला आणि टोपी काढून तोंडावर धरली. एवढा मोठा माणूस, पाठ हलत होती. त्याची आई गेल्यावर त्या डोक्यावरून हात फिरवायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि चार वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं. मी त्याच्याशेजारी टेकलो आणि हात ठेवला. बाजूचे केस खरखरीत लागले, मधले मऊ.