अक्काचा कच्चा शेर

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी यशवंतपूरच्या शाळेत मुलांकडून मिलिग्रॅम ते किलोग्रॅम पाठ करून घेत होते. खडू खाली ठेवला आणि चामराजपेटची बस धरली. दीड महिना झाला त्याला.

अक्का माझी थोरली बहीण. चौथीत शाळा सुटली तिची. घरी सारूची, म्हणजे रसमची, पूड करून विकायची आणि त्यावरच माझं कॉलेज झालं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही सांगते. नवीन वजनं आली तेव्हा दशमानाची सगळी नावं मी तिला म्हणून दाखवली. ती मिरच्यांचे देठ खुडत म्हणाली, "किलो, ग्रॅम दुकानात भेटतात. हे हेक्टो, डेका कुठं राहतात ग? पेटेत, बाजारात तर कधी दिसले नाहीत."

त्याच आठवड्यात समोरच्या कमळाक्कांच्या घरी लग्न होतं, पूड अक्काचीच. तिच्या मापात मिरच्या शेरावर आणि धने, मेथी, हिंग तोळ्यांवर. मी ऐटीत कागदावर ग्रॅम काढून दिले. शेर म्हणजे ऐंशी तोळे, नऊशे तेहतीस ग्रॅम, पुस्तकात होतं तसं. अक्का ढिगाकडे बघत राहिली. "मिरची स्वल्प जास्त दिसते, सुमे." मी म्हटलं, "नवीन वजनं आहेत. तुझ्या डोळ्यांना सवय नाही." तिनं मग काही विचारलं नाही... मी शिकलेली ना.

तिचा शेर इथल्या पेटेतला कच्चा शेर होता, चोवीस तोळ्यांचा. मिरची तिपटीहून जास्त पडली. पंगतीत माणसं पानावरून उठून पाण्याकडे धावली. कमळाक्का दारात येऊन बोलल्या, तेव्हा अक्का म्हणाली, "माझा हात चुकला." मी आत, दाराआड उभी होते. बाहेर आले नाही. नंतरही कधी आले नाही. अक्कानंही विषय काढला नाही, उलट शेजारणींना सांगायची, हिशेब आमच्या सुमीला विचारा.

दिवसकार्य झाल्यावर कमळाक्का भेटायला आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत एकदाच चुकली बघ तुझी अक्का." तेव्हा मात्र मी सांगितलं. शेर, तोळे, कागद, सगळं. त्या म्हणाल्या, "आणि मी तिला किती बोलले ग..." जाताना दारात थांबल्या. "पूड संपली आहे. करशील का?"

म्हणून आता रविवारी अक्काच्या स्वयंपाकघरात जाते. मिरच्या दोनशे ऐंशी ग्रॅम घेते. खिडकीपाशी तिचा पाट आहे, मधे बसून बसून खोलगट झालेला. त्यावर मी बसत नाही. शेजारी जमिनीवर बसते आणि हिंग कुटते.