मरियेच्या आईची गोष्ट

नाताळच्या फराळातले गोड कुलकुल तळल्याचा वास आला की मला आमची ठाकुर्लीच्या चाळीतली ख्रिस्ती शेजारीण आठवते. आम्ही बायका तिच्याकडे जेवणाच्या काट्याच्या पाठीवर कुलकुल वळायला जमायचो, आणि ती स्वतः लिहिलेली एखादी गोष्ट वाचून दाखवायची. त्या वर्षीची गोष्ट मरियेच्या आईची होती. लेकीचं पहिलं बाळंतपण म्हणून तिने मऊ दुपटी शिवलेली, सुईणीला सांगून ठेवलेलं. आणि ऐनवेळी शिरगणतीसाठी लेक नवऱ्याबरोबर बेथलेहेमला गेली. तिकडे गोठ्यात येशू जन्मला, आकाशात तारा चमकला. इकडे आईला काहीच कळलं नाही, ती आपली रोज दुपटी उन्हात घालत राहिली. ऐकता ऐकता माझ्या आईचा हात थांबला. “देवाची आई झाली तरी पहिलटकरीणच ना गं ती,” कधी चर्चची पायरी न चढलेली माझी आई डोळे पुसत म्हणाली, “आईशिवाय कसं निभावलं असेल पोरीने?” जन्मभर ऐकलेल्या गोष्टीत शेजारणीला मरियेची आई दिसली कशी, याचं मला अजून नवल वाटतं. यंदा माझी लेक परदेशात बाळंत होणार आहे आणि मला व्हिसा मिळाला नाही. शिवलेली दुपटी आज सकाळीच मी गच्चीत उन्हात घालून आले.