माणसं संपतात का कधी, बाप्पा?

"माणसं संपतात का कधी, बाप्पा?" असं म्हणत आमच्या इमारतीतल्या काकू पातेल्यात आणखी एक मूठ तांदूळ टाकत. घरात खाणारी माणसं दोन. पण कोणी तरी येईल, आलं तर उपाशी जाऊ नये, हा त्यांचा हिशोब. आणि कोणी तरी यायचंच, कारण त्या जिन्यात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दंडाला धरून आत ओढायच्या. माझा उजवा दंड त्यांनी इतक्या वेळा ओढलाय, की आजही त्यांची आठवण आली की मला आधी तिथे त्यांची बोटं जाणवतात.

धनकवडीला आमची बारा बिऱ्हाडांची इमारत होती. काकू मूळच्या वर्ध्याच्या. यजमानांच्या बदलीमुळे पुण्यात आल्या आणि ते निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. सगळे त्यांना वर्ध्याच्या काकू म्हणत आणि मीही तेवढंच म्हणणार आहे. पुण्यात भरदुपारी दार वाजवणाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेने बघतात, हे तुम्हाला सांगायला नको. काकूंना ती नजर दिसायचीच नाही. "काय करून राहिली गं?" म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात शिरत. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी एकदा त्यांना म्हणाले, "अहो, आमच्याकडे बेल आहे. चालूसुद्धा आहे." काकू म्हणाल्या, "हो का? छान झालं." आणि त्यांच्या हातावर गरम कोथिंबीरवडी ठेवून पुढे गेल्या.

माझे वडील गेले त्यानंतरची पहिली संक्रांत. इमारतीत घरोघर हळदीकुंकू होतं आणि आईला कुणी बोलावलं नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, "उगाच त्यांना अवघड वाटेल" एवढंच. काकू खाली आल्या आणि त्यांनी आईचा दंड धरला.

"चला वहिनी."

"अहो, मी आता कशी येऊ?"

"पायानं," काकू म्हणाल्या.

आणि आपल्या घरी नेऊन त्यांनी सगळ्यांदेखत आईला हळदीकुंकू लावलं. वर आपल्याकडची मोठी मरून टिकली तिच्या कपाळावर चिकटवली. बायका तिळगूळ हातात धरून बघत राहिल्या. मग काकूच म्हणाल्या, "अशा काय बसल्या? तिळगूळ खा ना." त्या दिवसापासून आई रोज तशीच टिकली लावते. हे मी आधी सांगते आहे, कारण पुढचं ऐकून तुम्ही काकूंना हसाल. हसा, पण हे लक्षात ठेवून हसा.

तो काळ नव्या नोकऱ्यांचा होता. मी नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. सकाळी काळोखात कंपनीची बस मला उचलायची आणि रात्री आणून टाकायची. इमारतीतली सगळी तरुण मुलं अशीच कुठे कुठे निघून चालली होती. काकूंची एकुलती एक मुलगी लग्न करून बंगळूरला गेली. जिन्यातून दंडाला धरून ओढावं असं दुपारी कुणी सापडेना. अशात भजनी मंडळातली एक ओळखीची बाई त्यांना स्वारगेटजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंगला घेऊन गेली.

साबण, भांडी घासायचं लिक्विड, टूथपेस्ट, असल्या वस्तू होत्या. आपण सभासद व्हायचं, आणखी तिघींना करायचं, त्यांनी प्रत्येकी आणखी तिघींना. असे लोक हावरट असतात, अशी आपली समजूत असते. माझीही होती. पण मीटिंगहून आल्यावर काकू आमच्या ओट्यापाशी उभ्या राहून काय म्हणाल्या, ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मी उठून नाव सांगितलं, तर टाळ्या वाजवल्या गं त्यांनी. नुसतं नाव सांगितलं मी!"

पुण्यात इतकी वर्षं काढली, पण त्यांच्या नावाला कुणी टाळी वाजवली नव्हती. हॉलमधल्या त्या टाय लावलेल्या माणसांनी ती वाजवली, ताई म्हटलं, 'आपलं हे कुटुंब आहे' म्हटलं. काकूंनी ते कुटुंब जसंच्या तसं खरं मानलं. वस्तू चांगली असली की धंदाही चांगलाच असणार, अशी त्यांची स्वतःची एक भाबडी समजूत होती. आणि वस्तू खरोखर चांगल्या होत्या. आमची स्टीलची भांडी त्या लिक्विडने लखलखायची, हे मी नाकारणार नाही.

एका रविवारी मी त्यांना कागदावर आकडेमोड करून दाखवली. आपल्या इमारतीत घरं बारा. प्रत्येकीने तिघी, त्यांनी तिघी, असं करत गेलं तर थोड्याच पायऱ्यांत धनकवडी संपेल, मग कात्रज, मग सगळं पुणे. शेवटच्या पायरीवरच्यांनी कुणाकडे जायचं? मला वाटलं, आता पटेल. काकू मनापासून हसल्या. "अगं, रोज एवढी माणसं जन्मून राहिली. माणसं संपतात का कधी, बाप्पा?"

त्यांनी कुणालाच वगळलं नाही. मंडईतल्या कोथिंबीरवालीलाही योजना समजावली. ती म्हणाली, "बाई, तुमचा साबण मी घेते, तुम्ही माझ्या चार जुड्या विका." काकूंनी खरंच चार जुड्या घेऊन त्या इमारतीत वाटल्या. साबण मात्र तिने घेतला नाही.

मग ती संक्रांत आली. काकूंच्या घरी नेहमीसारखी गर्दी होती, कारण त्यांच्या हातची वडी कुणाला चुकवायची नसे. वाण म्हणून लिक्विडच्या पुड्या होत्या. तिथवर ठीक होतं. पण हळदीकुंकू झाल्यावर आतल्या खोलीतून एक कडक इस्त्रीच्या साडीतली बाई बाहेर आली, सगळ्यांना नमस्कार करून म्हणाली, "आता एक छोटंसं प्रात्यक्षिक." तिने पांढरा रुमाल काढला. ताटातलीच चिमूटभर हळद घेऊन त्याला फासली आणि वर लिक्विड ओतून चोळायला लागली.

हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. डाग लालभडक झाला. ती बाई चोळत राहिली. "उन्हात टाकला की जाईल," ती म्हणाली. तळमजल्यावरच्या आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "हळदीकुंकवाला बोलावून हळद धुवायची, हे आमच्याकडे नव्हतं हो." बायका पदर सावरत उठल्या. कुणी वाणाची पुडी सतरंजीवरच विसरलं, कुणी विसरल्यासारखं केलं. काकू दारात उभ्या राहून प्रत्येकीला म्हणत होत्या, "बस ना, अजून वड्या आहेत."

पुढच्या महिन्यात इमारतीत एक सुतार आला. कुणाकडे तरी चोरी झाल्याचं निमित्त होतं. त्याने एकेका दाराला बाहेरचं बघायचं ते छोटं भिंग बसवलं. बँकवाल्यांनी शिवाय पाटी लावली: 'या घरात कोणत्याही योजनेत कोणालाही रस नाही. खात्री करण्यासाठी बेल वाजवू नये.' आम्ही सगळे त्या पाटीला हसलो. मीसुद्धा हसले.

आता काकूंना बेल वाजवावी लागे. बेल वाजवून त्या बाहेरूनच सांगत, "विकायला नाही आली मी!" दार उघडलं की बसत, चहा घेत, मुलीची खुशाली सांगत. आणि मग पदराखालून पिशवी निघे. "हे फक्त बघून ठेव." त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. दार वाजवताना त्यांना खरोखरच नुसतं बसायचं असायचं. पण हॉलमधल्या लोकांनी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की यश येत नाही ते आपण कमी पडतो म्हणून. ते कमी पडणं त्यांना चहा गार व्हायच्या आत आठवायचं. हळूहळू दारं उघडेनाशी झाली. आमचं उघडे, कारण आई उघडत असे. आमच्या मोरीखाली साबणाची रास लागली होती. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "असू दे. साबण नासत नाही."

मे महिन्यातली दुपार होती. मी ऑफिसात, आई लोणच्याच्या कैऱ्या आणायला मंडईत गेलेली. काकूंच्या यजमानांच्या छातीत दुखायला लागलं. अगदी गरीब, अबोल गृहस्थ. काकूंच्या पिशव्या स्कूटरवर वाहायचे आणि कधी चकार शब्द काढायचे नाहीत. त्यांना उठता येईना. फोन करावा वगैरे सुचायच्या आधी माणूस शेजारी धावतो, तशा काकू धावल्या. वरच्या मजल्यापासून खालपर्यंत एकेक बेल वाजवत आल्या. आणि तोंडातून निघालं ते रोजचं वाक्य. "अहो, दार उघडा, विकायला नाही आली मी. विकायला नाही आली."

एकही दार उघडलं नाही.

शेवटी त्यांनी रस्त्यावरून एका रिक्षावाल्याला वर आणलं. त्या दोघांनी यजमानांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. संध्याकाळ व्हायच्या आत ते हॉस्पिटलात वारले. डॉक्टर उशिराबद्दल काही बोलले का, ते काकूंनी कधी सांगितलं नाही.

तेरा दिवस त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी पिठलंभात आणला, कुणी रात्री सोबतीला झोपलं. जिन्यात बायका एकमेकींना सांगत, "रोजचंच वाक्य बोलल्या हो त्या, आम्हाला काय कल्पना?" तेही खरंच होतं. कुणी म्हणालं, संक्रांतीला हळद लाल झाली तेव्हाच अपशकुन झाला. ते ऐकून माझं डोकं भडकलं. अपशकुनाची गरज काय होती? एवढी बंद दारं होती की. बँकवाल्यांनी पाटी काढून टाकली. स्क्रूची चार भोकं भिंतीत तशीच राहिली.

काकू कुणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त एकदा आईजवळ म्हणाल्या, "वहिनी, बाहेरून त्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसतो. आतून कोणी डोळा लावला की तो काळा होतो. तुमच्या दाराचा ठिपका उजळच राहिला, म्हणजे तुम्ही घरी नव्हत्या, ते कळलं मला." बाकीच्या ठिपक्यांचं त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. मला विचाराल, तर लोकांना वाटतं अशा धंद्यात पैसे बुडतात. काकूंचे पैसे फारसे बुडाले नव्हते. त्यांची माणसं बुडाली.

मग पुन्हा संक्रांत आली. आईने त्या वर्षी वडील गेल्यावर पहिल्यांदाच, विधवा असून, घरी हळदीकुंकू करायचं ठरवलं. पहिलं बोलावणं काकूंना. मी ताट धरून तिच्याबरोबर वर गेले. दुपारची वेळ होती, जिना अंधारा, आणि काकूंच्या दारात तो उजेडाचा ठिपका स्पष्ट दिसत होता. आईने बेल वाजवली. आत पावलं वाजली. ठिपका काळा झाला.

"काकू, मी आहे. हळदीकुंकवाला चला."

ठिपका काळाच राहिला. मग आतून काकूंचा आवाज आला. त्यात राग नव्हता, रडणं नव्हतं. घरात जाऊन बघून यावं आणि सांगावं, तसा.

"घरात कोणी नाही."

आई तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने ठिपका परत उजळ झाला. तिने तिळगुळाची वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि आम्ही खाली आलो.

त्याच आठवड्यात मुलगी येऊन त्यांना बंगळूरला घेऊन गेली. साबणाची उरलेली खोकी त्यांनी जिन्याखाली ठेवली होती, ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून. कुणी हात लावला नाही. शेवटी झाडणाऱ्या बाई त्यातलंच लिक्विड घालून जिना धुवायला लागल्या. कित्येक महिने आमच्या जिन्याला लिंबाचा वास येत होता, आणि चढता-उतरता कुणी एकमेकांशी बोलत नसे. पुढे काही वर्षांनी काकू वारल्याचं आम्हाला कळलं, तेही कुणाकडून तरी उडत उडत.

काकूंनी दार उघडलं नाही त्या संक्रांतीच्या संध्याकाळी आईने एक गोष्ट केली. कपाळाला लावायची ती मरून टिकली घेऊन तिने आमच्या दाराच्या भिंगावर आतून चिकटवली. "बेल वाजली की उघडायचं," एवढंच म्हणाली. आता आम्ही खराडीला दहाव्या मजल्यावर राहतो. खाली पहारेकरी आहे, दारात कॅमेरा आहे, तरी भिंगावर टिकली आहेच. मी तिच्याशी पुष्कळ भांडले. जग किती वाईट आहे ते सांगितलं. टिकलीचा डिंक सुकतो, ती गळून पडते, आई दुसरी लावते.

परवा ती पडलेली दिसली. आईला हल्ली वाकता येत नाही, म्हणून नवी लावायला मी गेले. लावण्याआधी सहज भिंगाला डोळा टेकवला. बाहेर रिकामा पॅसेज होता. आणि एकदम मनात आलं, बाहेर कुणी उभं असेल तर त्याला आपला ठिपका आत्ता काळा झालेला दिसला असेल. माझा उजवा दंड कुणीतरी धरल्यासारखा झाला. मी घाईघाईने दार उघडलं.

"कोण आहे गं?" आईने आतून विचारलं.

"कोणी नाही."

मग ती म्हणाली, "राहू दे जरा उघडं. येईल कोणी तरी."