थोरल्या पातीचा हात

आमचा मूळ पुरुष देवीचा मोठा भक्त. मोहिमेवर असला तरी पूजा झाल्याशिवाय घोड्यावर मांड टाकत नसे, पाण्याचा थेंबही घेत नसे. त्याला एक सावत्र भाऊ होता आणि देशमुखी कुणाची यावरून दोघांची उभा जन्म जुंपलेली. थोरला मीच, असं दोघेही म्हणत. शेवटी गोतसभेने दिव्य करायला सांगितलं. उकळत्या तेलात हात घालून तळाचा धातूचा तुकडा काढायचा. हात भाजला नाही तर दावा खरा. आमच्या पूर्वजाने देवीचं नाव घेऊन हात घातला आणि हाताला साधा फोडही आला नाही. तेव्हापासून आम्ही थोरली पाती, सावत्र भावाचा वंश धाकटी.

देशमुखी कधीच गेली. दसऱ्याला गावच्या देवळात मानाचा विडा आमचा, एवढंच उरलंय. माझे वडील, आमचे आबा, गावचं घर बंद करून सिंगापुरात बिशानला आमच्या फ्लॅटवर राहायला आले, पण विड्याचा हट्ट सुटला नाही. धाकट्या पातीतला माझा चुलतभाऊ दर दसऱ्याला तो त्यांच्या नावाने देवीपुढे ठेवतो आणि व्हिडिओ कॉल करून दाखवतो. त्याला जरा उशीर झाला की आबा इथून डाफरतात. मीही काही कमी नाही. चांगी बिझनेस पार्कमध्ये बसून मी बँकेसाठी लोकांचे दावे तपासतो, आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या लोकांत तेलातल्या हाताची गोष्ट रंगवून सांगतो.

यंदा मुलीला शाळेत घराण्यातल्या एका माणसाबद्दल बोलायचं होतं. तिने हाच पूर्वज निवडला. आबा हरखले. आणखी माहिती हवी म्हणून तिने गावी माझ्या त्याच चुलतभावाला, म्हणजे तिच्या काकाला, फोन लावला, स्पीकरवर. आबा शेजारीच जप करत बसले होते.

"काका, त्यांचा हात बर्न कसा नाही झाला?"

"अगं, घातलाच कुठे?" तो हसत म्हणाला. "तेलाला उकळी फुटली तसा आमच्या धाकट्या पातीचा मूळ पुरुष पुढे झाला. म्हणाला, भावाचा हात जाळून मला देशमुखी नको, थोरला तोच. झालं, कढई उतरवली. आबांना विचार की, त्यांना ठाऊक आहे सगळं."

आमच्याकडेही हेच सांगत असतील, असं त्या भल्या माणसाने धरलं होतं. फोन ठेवून मुलीने आबांकडे पाहिलं.

"आजोबा, देन विच वन इज ट्रू?"

आबांनी त्याला खोटं पाडावं, असं मला मनापासून वाटलं. वाटलं याचीच आता जास्त लाज वाटते.

"तो सांगतो ते खरं," आबा शांतपणे म्हणाले. "माझ्या वडिलांनीच सांगितलंय मला. पण शाळेत तू आपल्याकडची गोष्ट सांग."

आता ती माझ्याकडे बघत होती. खरं तेच सांग, एवढं म्हणायचं होतं. मी आबांकडे पाहिलं.

"आजोबा म्हणतात तसं कर," मी म्हणालो.

शाळेने पालकांनाही बोलावलं होतं. ती न अडखळता बोलली. स्वतःचा हात वर करून, उलटसुलट फिरवून तिने फोड नसल्याचं दाखवलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. किती भाग्यवान घराणं तुमचं, असं तिच्या टीचर मला म्हणाल्या. मी हसून थँक यू म्हटलं. मला स्वतःची किळस आली.

परतताना एमआरटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. छान बोललीस, असं मी दोनदा म्हटलं, तरी वळली नाही. सेरंगून स्टेशन गेल्यावर म्हणाली, "बाबा, काका फोन करणार, स्पीच कसं झालं विचारायला."

"हो, करेल."

"तू बोल त्याच्याशी. तुला जमतं."