राखेची पेटी

आधी वस्तादांचं सांगतो, मग माझं. यवतमाळात आमच्या मोहल्ल्यातल्या समाजकेंद्राचा आखाडा ते चालवत. हे लिहायला मी उरलो तो त्यांच्यामुळे. नाव घेत नाही. का, ते पुढे कळेलच.

नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, त्याच्या पुढल्या साली मी यवतमाळला आलो. आमचा तांडा केळापूरकडचा, दोन मोटारी बदलून यावं लागे. थोरला भाऊ क्षयानं खोकून खोकून गेला, आणि मी सहावीतून शाळा सोडली. जिनिंगमध्ये कापूस ओढायचं काम मिळालं. निघताना याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, कमरेला गुडाखूची डबी खोचून दिली. तंबाखू-गुळाची ती काळी लगदी. आमच्याकडे लहानमोठे सगळे तिनंच दात घासत. मी तर दिवसभर हिरडीत दाबून ठेवी. भूक मरते, घरही कमी आठवतं.

केंद्रात पहाटे आमच्यासारखी कामावरची पोरं जमत. जोर, बैठका, मग विहिरीच्या ओट्यावर कडुलिंबाचं दातून आणि मूठभर भिजलेले हरभरे. बिडी-तंबाखू बंद. थुंकायचं ते फक्त लाकडी पेटीतल्या राखेत, आणि वरून राख सारायची. थुंकीच्या बाबतीत वस्ताद फार कडक. आम्ही मागे हसत असू.

एका सकाळी मी पेटीत थुंकलो आणि पांढऱ्या राखेवर लाल ठिपका पडला.

पटकन राख सारली. पण भावाचं शेवटचं थुंकणं डोळ्यांपुढून हलेना. त्याच्यासाठी तांड्याबाहेर वेगळं खोपटं बांधलं होतं. याडी भाकर दुरून सरकवायची. कळलं तर केंद्र जाईल, चौघांतली खोली जाईल, काम जाईल आणि माझंही खोपटं बांधलं जाईल. त्या दिवसापासून मी थुंकणंच सोडलं. दातूनचं पाणी गिळलं, गुडाखूचा रस गिळला, आलेला उमासाही गिळला. महिन्याभरात जेवण जाईना, चक्कर येई. जिनिंगातल्या धुरळ्यानं खोकला होताच. प्रत्येक ढासेला वाटे, रोग आला.

दर रविवारी लिंबाला टांगलेल्या काट्यावर आमची वजनं होत. किराणा दुकानातला एक जाडा गडी माझं घटलेलं वजन बघून ओरडला, "अबे, हा तं निस्ती रुई भरून राह्यला! सरकी कुठी सांडली बे तुही?"

सगळे हसले. मीही हसलो. वस्ताद हसले नाहीत. भिंतीवरच्या कागदावरचे माझे मागचे आकडे त्यांनी बोटानं खाली खाली वाचले.

दुसऱ्या दिवशी पोरं गेल्यावर ते राखेची पेटी घेऊन माझ्यासमोर बसले.

"थुंक."

"येत नाही, वस्ताद."

"दातून चावून राह्यला अन थुंकी येत नाही? थुंक म्हणतो."

थुंकलो. लाल. मी त्यांचे पाय धरले. "मले गावाले धाडू नका. याडीले आता दुसरा पोरगा नाही."

त्यांनी स्वतःच्या हातानं राख सारली. "कवापासून?"

"महिना झाला."

"अन काहून लपवलं?"

त्यांनी पेटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मले होता हा रोग. आठ महिने सॅनिटोरियममध्ये पडून होतो. अठी कोणालेच माहीत नाही. आता तुले माहीत हाय. चाल दवाखान्यात."

दवाखान्यात छातीचा फोटो निघाला. तो येईपर्यंत मी बाकावर बसून गुडघे आवळून होतो. वस्ताद शेजारी, खांद्याला खांदा लावून. याडीही भावाच्या इतकी जवळ बसली नव्हती.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, मग माझा ओठ वर करून हिरडी कापसानं दाबली. कापूस लाल. "छाती साफ आहे. रक्त हिरड्यांचं आहे. तोंडात काय ठेवतोस?"

मी डबी काढली.

"हे गिळत होता तू? महिनाभर? रक्त लपवाले?" वस्तादांनी कपाळावर हात मारला. "लेका, रोग नव्हता तं तूच घडवून राह्यला होता!" पायरीवर बसून ते हसले, आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसू लागले.

वस्तादांनी डबी मागितली, ती देताना माझा हात आखडला. त्यांनी ओळखलं. केंद्रावर येऊन गुडाखू राखेत ओतली, डबी घासली आणि तिच्यात मीठ भरून परत दिली. "याडीची हाय, ठेव. हिरड्याले लाव." गुडाखू सुटायला पुढे वर्ष गेलं. दोनदा चोरून खाल्ली, दोनदा त्यांनी पकडलं.

आता मी दूर, परक्या मुलखातल्या गिरणीत आहे. डबी उशाशी आहे. अजूनही रोज सकाळी थुंकून आधी बघतो, भीती काही गेलेली नाही. पण गिळत नाही.

वस्ताद, लांब सुट्टी मिळाली की मी येणार. त्या ओट्यावर राख चाळून पेटी भरायचं काम माझं. आणि एखादा पोरगा थुंकायला भ्याला, तर तुमची गोष्ट तुमच्यापाशीच राहू द्या. मी त्याला माझी सांगीन.