परवाच वाचली

जिन्यावर कोल्हापुरी वहाणांची करकर ऐकू आली की आम्ही वाचनालयातली मंडळी पुस्तकांत तोंडं खुपसून बसायचो. त्याचा उपयोग काही व्हायचा नाही. दारातूनच आवाज यायचा, "परवाच वाचली! लई झकास हाय. तुम्ही वाचा, आन मला सांगा."

वाचलेली कादंबरी दर वेळी तीच असायची. धुवट फडक्यात बांधलेली, कोपरे झिजलेली. "परवा" म्हणजे नेमकं कधी, हे आम्ही विचारणं सोडून दिलं होतं. तो परवा उन्हाळ्यातही होता आणि दसऱ्यालाही होता.

महाराजांची कारकीर्द होती. गृहस्थ दरबारच्या पागेत दाणा-वैरणीचं काम बघायचे. पिळदार मिशा, डोक्याला फेटा, आणि पायांत जे काही भरलेलं होतं ते घोड्यांकडूनच आलं असावं, कारण हा माणूस बसलेला मी पाहिलाच नव्हता. मधल्या मोठ्या टेबलाभोवती ते सारखे फिरत राहायचे. आपण वाचत असलो की पाठीमागून करकर जवळ येते, थांबते, खांद्यावरून कुणीतरी आपल्या पानात डोकावतं, आणि पुन्हा करकर लांब जाते. तुम्हीही कुठल्या तरी वाचनालयात असा एखादा माणूस सोसला असेल.

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी एक प्रघात होता. ज्यानं नवी कादंबरी वाचून संपवली असेल त्यानं उभं राहून ती कशी आहे ते थोडक्यात सांगायचं, म्हणजे पुढच्यानं ती घ्यायची की नाही ते ठरवायचं. नियम एकच होता, शेवट सांगायचा नाही. हे गृहस्थ सुरुवातच शेवटापासून करायचे. "इधवा पोरगी हाय. बाप तिचं लगीन लावतो. भर दुपारी, वाजंत्री लावून! आता तुम्ही वाचा."

"अहो, आता वाचायला उरलं काय?" कुणीतरी ओरडायचं.

"उरलं की! पटतंय का ते बघायचं उरलं."

कादंबरी सामान्य होती. लेखकाला पानोपानी हुंदके येत होते आणि चंद्र तर मावळायचं नावच घेत नव्हता. मी ती घेतली, वाचली आणि परत केली. गृहस्थांनी मला काही विचारलं नाही, याचं मला थोडं नवल वाटलं. मग लक्षात आलं की ते सगळ्यांना विचारतच नाहीत. पेन्शनीत निघालेल्यांना नाही, बायकापोरांच्या धन्यांना नाही. एखादा बिनलग्नाचा किंवा बिजवर दिसला की मात्र करकर त्याच्या खुर्चीमागे येऊन थांबायची. "वाचली? शेवट पटला का?" असं विचारताना ते त्याच्या तोंडाकडे असे बघायचे, की माणूस पुस्तकाचं सोडून स्वतःच्याच वागणुकीचा विचार करायला लागे.

एकदा एका वात्रट वाचकानं त्यांचं ते बोचकं कपाटामागं दडवलं. आधी आम्ही हसलो. मग गृहस्थांनी बाकांखाली वाकून बघितलं, जिना उतरून रस्त्यावर जाऊन आले, पुन्हा वर आले. फेटा सुटला होता, त्याचंही भान नव्हतं. त्या वात्रटानं गुपचूप बोचकं काढून टेबलावर ठेवलं. गृहस्थांनी ते उघडून पानं चाळली, फडक्यात पुन्हा बांधलं आणि एवढंच म्हणाले, "चेष्टा करा माझी. हिची नगा करू."

मला राहवेना. त्या दिवशी परतताना मी त्यांच्यासोबत रंकाळ्यापर्यंत गेलो. म्हणजे ते पुढं आणि मी धापा टाकत मागं.

"एवढं काय आहे हो त्या पुस्तकात?" मी विचारलं.

"पुस्तकात काय न्हाय. घरात हाय." ते थांबले नाहीत, चालता चालताच बोलत होते. "माझी पोर हाय, भाऊसाहेब. लगीन झालं, वरीस सरायच्या आत जावई साथीत गेला. आता आली माघारी. चुलीम्होरं बसती, कोण आलं की उठून आत जाती. मी तिला एवढीशी असताना घोड्यावर बसवून सगळ्या गावात फिरवल्याली."

आमच्यासारख्या कुळाचा तोरा मिरवणाऱ्या घरांत विधवेचं दुसरं लग्न हा शब्दही कुणी काढत नसे. फारच झालं तर परगावी नेऊन पाट लावायचा. तोही रात्री, अंधारात, वाजंत्रीशिवाय, सवाष्णींच्या दृष्टीआड.

"भावकी म्हणती, गपचूप पाट लावून मोकळा हो," ते म्हणाले. "रातचं! चोरीचा माल हाय व्हय माझी पोर? लावीन तर उजेडात लावीन. पर उजेडात हुबा ऱ्हाणारा गडी पायजे की. त्यो कुठं हुडकायचा? म्हटलं, वाचणाऱ्यांत घावंल."

 माझी धाकटी बहीणही तशीच माघारी आली होती. आमच्या घरी ती माझ्या मागून प्रत्येक कादंबरी वाचायची, कित्येकदा माझ्या आधी. ही एक मात्र मी घरी नेली नव्हती. त्यांना हे ठाऊक असेल असं मला वाटलं नाही.

पुढं एका रविवारी आमच्यातले एक मास्तर उठले. बिजवर होते, वय फार नव्हतं, वाणी गोड. त्यांनी त्या कादंबरीवर असं काही भाषण केलं की पेन्शनरसुद्धा माना डोलवायला लागले. समाजाचे डोळे उघडले पाहिजेत, तरुणांनी पुढं आलं पाहिजे, शेवट तर मला शंभर टक्के पटला! टाळ्या पडल्या. गृहस्थ टेबलाभोवती जवळजवळ पळत होते. सभा संपल्यावर त्यांनी मास्तरांना खिडकीशी गाठलं. मी जवळच होतो.

त्यांचं सगळं ऐकून मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "अहो, कादंबरी ती कादंबरी," ते म्हणाले. "घरी आई आहे माझी."

गृहस्थांनी "व्हय, बराबर हाय" म्हणत मान हलवली. नंतर ते जिन्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आपण कुठं निघालो होतो हेच ते विसरले असावेत. मला त्या मास्तरांचा राग आला, आणि राग येऊन मी घरी जाऊन जेवलो.

त्यानंतर ते यायचे, पण "परवाच वाचली" म्हणताना आवाज पडलेला असायचा. भावकीनं त्यांना दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर पाट लावला नाही, तर भावकी स्वतःच एक म्हातारा बघून त्याच्याशी पाट लावणार होती.

चंदगडाकडचा एक गडी जंगलखात्यात होता. कामासाठी शहरात आला की वाचनालयात बसायचा आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर चिडायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, एवढंच आम्हाला माहीत होतं. गृहस्थांनी त्यालाही कादंबरी दिली, पण आशेनं नव्हे, सवयीनं. पुढच्या रविवारी त्यानं ती सगळ्यांसमोर टेबलावर आपटली.

"खोटं हाय हे," तो म्हणाला.

करकर थांबली.

"लगीन लागलं, वाजंत्री वाजली, पुस्तक संपलं! आन दुसऱ्या दिवशी? त्यास्नी घर कोण भाड्यानं देणार? पाणवठ्यावर बायका तिला उभं करून घेतील काय? हळदीकुंकवाला कोण बोलवंल? पुढची पानं कुठं हायत? लिवणाऱ्याला भ्या वाटलं म्हणून त्यानं मांडवातच हात झटकलं."

सगळे हसले. मास्तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. गृहस्थ मात्र हळूच पुढं आले, त्याच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. आम्ही सगळे त्या बसण्याकडेच बघत राहिलो.

"पावणं," ते म्हणाले, "त्या नवरदेवाच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?"

"पयल्यांदा त्या पोरीला इचारलं असतं. सगळ्या पुस्तकात तिला कुणी इचारलंच न्हाय बघा. बाप ठरिवतो, नवरा तयार हुतो, ही आपली चंद्राकडं बघून रडती."

 इतकी माणसं गृहस्थांनी शोधली, प्रत्येकाला शेवट पटला का म्हणून विचारलं, आणि घरातल्या चुलीसमोर बसलेल्या पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. ते उठले, आणि बोचकं टेबलावरच टाकून जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते संध्याकाळची वाट न बघता दुपारीच मी कारकुनी करायचो त्या वकिलांच्या कचेरीत आले. "इचारलं," ते म्हणाले. "त्या चंदगडच्या पावण्याचं समदं बोलणं सांगितलं. मग म्हणाली, त्यास्नी घरी येऊ द्या, मलाबी त्यास्नी काय काय इचारायचं हाय."

तिनं त्या जंगलखात्यातल्या गड्याला काय विचारलं ते मला ठाऊक नाही. गृहस्थांना बाहेर ओसरीवर बसवलं होतं. बसवलं होतं म्हणजे ते फिरत होते. बाहेर आला तेव्हा त्या गड्याला घाम फुटला होता. "ही वाचणारी न्हवं, परीक्षा घेणारी हाय," असं तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

लग्न गडमुडशिंगीला त्यांच्या शेतात लागलं, भर दुपारी. गावात वाजंत्री मिळेना, तेव्हा त्यांच्या गल्लीतले ताशेवाले चाचा आपल्या दोन पोरांना घेऊन आले आणि त्यांनी असा ताशा बडवला की शेजारच्या वावरातले बैल बुजले. भावकीतलं कुणी आलं नाही. मास्तरांना आईचं औषध आणायचं होतं. वाचनालयातून मी आणि तो बोचकं दडवणारा वात्रट, असे दोघंच गेलो. उन्हात मुलीची सावली पायाशी पडली होती आणि तिनं मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. मला रडू आलं.

पुढची पानं त्या गड्यानं सांगितली तशीच निघाली. शहरात त्यांना घर मिळालं नाही आणि ते चंदगडाकडे गेले. गृहस्थांना भावकीनं वाळीत टाकलं. पागेतली नोकरी सोडून ते शेतात राहायला गेले. जायच्या आधी एकदा वाचनालयात आले. टेबलाला एकही फेरी न मारता ते सरळ माझ्यापाशी आले आणि त्यांनी फडक्यातली कादंबरी माझ्यापुढं ठेवली.

"ही तुम्ही ठेवा."

"मी वाचली आहे," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. वाचलीसा, पर घरी न्हाय नेली." आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमच्यातबी पोर हाय की, भाऊसाहेब."

मी वर बघेपर्यंत करकर जिना उतरून गेली होती. त्यानंतर ती मी कधी ऐकली नाही. रविवारी आम्ही नव्या कादंबऱ्यांबद्दल बोलायचो, शेवट न सांगता. टेबलाभोवतीची जागा फार मोकळी वाटायची.

कादंबरी हाती आली त्या संध्याकाळी मी घरी गेलो आणि ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागलो. बसवेना. बहीण आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "दादा, काय चाललंय? बसा की जरा."

मी चुलीपाशी गेलो आणि बोचकं तिच्यापुढं धरलं. "परवाच वाचली," मी म्हणालो.

तिनं पिठाचे हात पुसले, फडकं सोडलं, पहिलं पान बघितलं. या कादंबरीची चर्चा तिच्याही कानावर आली असावी.

"शेवट पटण्यासारखा आहे का, दादा?"

"ते तू मला सांगायचंस," मी म्हणालो.