वहीतलं माझं पान

"काय येतं ते नगा सांगू. काय येत न्हाई ते सांगा."

आमचे ट्रेनिंगचे मास्तर स्टूल ओढून समोर बसत, खिशातली वही गुडघ्यावर उघडत आणि प्रत्येकाला हेच म्हणत. आता तुम्हीच सांगा, नोकरीवरचा माणूस याला खरं उत्तर देईल का?

नव्वदीनंतरची गोष्ट. कराडजवळच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात नवी मशिनं येणार होती आणि माणसं कमी होणार, अशी कुजबुज होती. त्यातच हे वडूजकडचे मास्तर आले. आधीचे मास्तर सगळ्यांना एकत्र बसवून फळ्यावर शिकवायचे. यांनी ते बंद केलं. एकेकाला वेगळं गाठायचं, बोलतं करायचं आणि लिहून घ्यायचं.

"गड्या, यादी चाललीया," वेल्डर मला म्हणाला. "तोंड उघडू नगंस."

मी कसला उघडतोय! पंधरा वर्षं लेथवर काढली, पण मला ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. नमुना बघून तसाच भाग काढायचो. मास्तरांनी ड्रॉइंग पुढे केलं, तेव्हा म्हणालो, "नमुना द्या, लगेच करतो." त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला नेऊन त्यांनी डब्यातला मुळा कापून समोर धरला. "वरनं कसा दिसतो? काढा. आता बाजूनं." महिनाभर रोज हेच. ड्रॉइंग उलगडू लागलं, पण संशय जाईना. शेवटी विचारलंच, "मास्तर, वहीत माझं काय लिवलंय?"

त्यांनी माझं पान उघडून वहीच हातात दिली. माझ्या पानावर होतं, 'हात उत्तम. ड्रॉइंग शिकवणे. कुणाला कळू नये.' त्यांनी अडवायच्या आत मी पुढची पानंही चाळली. वेल्डरच्या पानावर, 'उंचीची भीती. खालचं काम मिळवून देणे.' पॅकिंगमधल्या बाईंच्या पानावर, 'आठवण पक्की. स्टोअरमध्ये शोभतील.' कुणाला काढा, असं एकाही पानावर नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात वरून यादी लागली. अकरा जण घरी. वेल्डरही.

सगळ्यांनी मास्तरांना गेटवर घेरलं. "तुमच्या वहीनंच घात केला! दाखवा ती!"

मास्तरांनी खिसा दाबून धरला. "लोकांनी इस्वासानं सांगितलंय. न्हाई दाखवणार."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? तुझं काय लिहिलंय? मी खाली बघत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आले नाहीत.

नव्या मशिनवर मला घेतलं. नुसत्या ड्रॉइंगवरून पहिला भाग अचूक निघाला. शेजारचा म्हणाला, "लय भारी! कुणी शिकवलं रं?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो. "बघून बघून आलं."